मे महिन्यातलं श्रमदान : सोमनाथची छावणी की आपली टोळी घेऊन माणमधलं गाव?

परीक्षा आटोपल्या की आमच्या गटातली मुलं विचारायला लागतात, ताई, यंदा कुठे? मी दोन्हीकडे राबले आहे आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण प्रत्येकाला दोन्ही मानवतीलच असं नाही.

सोमनाथ हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती मेच्या मध्यावर, साधारण आठवडाभर असते. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत टिकाव-फावडं चालवायचं, दुपारी व्याख्यानं आणि गटचर्चा, संध्याकाळी गाणी. शेजारच्या घमेल्यावर कधी कोल्हापूरचा मुलगा असतो, कधी दुसऱ्याच राज्यातली मुलगी. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी वसवलेली शेती तुम्ही रोज बघता, आणि ते बघणं व्याख्यानापेक्षा जास्त आत उतरतं.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गावातलं श्रमदान वेगळं. तिथे पावसाचं पाणी अडवून मुरवण्यासाठी माळावर चर, म्हणजे लांबट खड्डे, खणायचे. तिथे ना वेळापत्रक, ना स्वयंपाकघर. सगळं तुम्हालाच उभं करावं लागतं.

खरा फरक उन्हात कळतो. विदर्भात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, माणमध्ये चाळिशीच्या आसपास असतो. तरी माझ्या मते नवख्या मुलासाठी सोमनाथच जास्त सुरक्षित. छावणीत काम थांबवणारा अनुभवी माणूस असतो. गावात तो माणूस तुम्ही असता. आमच्या पहिल्या वर्षी एक मुलगा दहाच्या सुमाराला भोवळ येऊन चरातच बसला. ‘एवढा चर संपवू’ म्हणत मीच सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. गावातल्या एका आजींनी त्याला सावलीत नेलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, घोटघोट सरबत पाजलं. आता मी साडेनऊला काम बंद करते, एक चर अर्धा राहिला तरी. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण डब्यांत तयार ठेवते. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग भाजत असलं, तर भरपूर पाणी ओतत, वारा घालत थेट दवाखाना. म्हणून गाव ठरवण्याआधी दवाखाना आणि गाडी कुठे आहे ते बघा.

हाताने केलेल्या कामाचा हिशोब मात्र गावातच दिसतो. पाच मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल असा एक चर एकदा भरला की त्यात ९०० लिटर पाणी थांबतं. मुरमाड माळावर आम्हा चौघांची अख्खी सकाळ त्यात गेली होती. पावसाळ्यात त्याच गावाहून भरलेल्या चरांचे फोटो आले, तेव्हा मुलं रडली.

पण त्यासाठी गाव जागं हवं. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावांसाठीची जलसंधारणाची स्पर्धा, सुरू झाली, तेव्हाही आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण होतं. शहरातली माणसं १ मेला मदतीला जात. तुम्ही जाण्याआधी सरपंचांना विचारा : ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराच्या साध्या चौकटीने, समतल रेषा (एकाच उंचीवरून जाणारी रेषा) आखली आहे का? गावातले किती जण रोज येतात? चर उतारावर तिरका गेला तर पाणी सखल टोकाला जमतं, तिथून फुटतं आणि माळ उलट जास्त कापला जातो. गावकरी नुसतेच कौतुकाला उभे राहणार असतील, तर जाऊ नका.

खर्चाचा प्रश्न दोन्हीकडे फारसा नाही. पालकांची काळजी छावणीला कमी, विशेषतः मुलींच्या बाबतीत. गावात झोपायच्या खोल्या आणि संडासाची सोय आधी स्वतः जाऊन बघावी लागते.

यंदा आमच्यातले सात जण पहिल्यांदाच निघालेत. त्यांना मी सोमनाथला पाठवतेय. उरलेल्या बारा जणांना घेऊन माणमध्ये जाईन, पण गावाने एप्रिलअखेर आखणी पूर्ण केली तरच.