कोरड्या, इसबाच्या त्वचेला मलम की क्रीम?

'मॉइश्चरायझर भरपूर लावा' एवढं डॉक्टर सांगतात. मलम घ्यायचं की क्रीम, हे बहुतेक वेळा आपल्यालाच ठरवावं लागतं. माझी त्वचा कोरडी आणि मुलीला इसब, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही असतात. मुलीला लावायचं म्हटलं, की माझा हात आधी मलमाकडे जातो.

क्रीमची बाजू कमकुवत मुळीच नाही. ते सहज पसरतं, लवकर जिरतं, वर लगेच कपडे घालता येतात. तुकतुकीत चेहऱ्याने कामावर जायला कुणाला आवडेल? सकाळी मी स्वतः क्रीमच लावतो. शिवाय पंपाची बाटली घेतली तर आत बोटं जात नाहीत; मलमाच्या डबीत मात्र दरवेळी स्वच्छ चमचा घालावा लागतो.

मलम म्हणजे मुख्यतः पेट्रोलियम जेली किंवा तत्सम पॅराफिन. चिकट तर आहेच. उशीच्या अभ्र्याला लागतं, उकाड्यात नकोसं होतं, आणि केसांच्या उलट दिशेने चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येऊ शकतात. पण त्वचेतला ओलावा अडवून धरण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं फारसं काही नाही.

तरी माझ्यासाठी निकाल लागला तो झोंबण्यावरून. खाजवून खाजवून कोपराच्या खळीत आणि गुडघ्यामागे त्वचा फुटलेली असायची. तिथे क्रीम लागलं की मुलगी हात आखडून घ्यायची. पुढेपुढे तर बाटली दिसली तरी रडायला लागायची, आणि न लावलेल्या औषधाचा काय उपयोग? क्रीममध्ये पाणी असतं, ते टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं, आणि फुटलेल्या त्वचेला असलेच घटक चुरचुरतात. युरिया असेल तर विचारूच नका. मोठ्यांच्या टाचांच्या भेगांना ते उत्तम, पण मुलांच्या लाल चट्ट्यांवर टाळलेलं बरं. साध्या पेट्रोलियम जेलीत पाणी नसतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही. ती लावू लागल्यावर रात्रीची रडारड थांबली.

हा एका घरातला अनुभव झाला. तुमच्या मुलाला क्रीम मुळीच झोंबणार नाही, असंही होईल. पण ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम या चौघांच्या गुणात लक्षणीय फरक दिसला नाही. झोंबण्याची तक्रार मात्र मलमात कमी होती. गुण सारखाच असेल, तर मूल जे मुकाट्याने लावून घेतं ते निवडावं, असं मला वाटतं. आमच्याकडे ते मलम ठरलं: अंघोळीनंतर अंग हलकेच टिपून लगेच लावायचं आणि वर जुने सुती कपडे.

दोन्हींपैकी काहीही वापरा, एक काळजी घ्याच. कपड्यांत आणि चादरीत मुरलेलं मलम किंवा क्रीम आगीजवळ धोक्याचं असतं. असं कापड चटकन पेट घेतं, आणि धुतल्यावरही अंश पूर्ण जात नाही. आणि चट्ट्यातून पाणी येऊ लागलं किंवा पिवळट खपल्या धरल्या, तर मलम की क्रीम हा विचार सोडून आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.