दुसऱ्या अल्बमच्या नादात आम्ही सही केली

आमचा चौघांचा पुण्यातला मराठी रॉक बँड आहे. पहिला अल्बम आम्ही कोथरूडमधल्या एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, भिंतींना गाद्या टेकवून ध्वनिमुद्रित केला होता आणि त्यात ड्रमचा आवाज हवा तसा उतरला नाही, ही खंत आम्हा सगळ्यांना होती. दुसरा अल्बम चांगल्या स्टुडिओत करायचा, ही आमची जिद्द होती आणि फसवणाऱ्याने नेमकी तीच हेरली. दुसऱ्या अल्बमच्या तयारीला लागलेल्या बँडनी सावध व्हावे, म्हणून नावे टाळून, पण घडले तसे लिहीत आहे.

एका कार्यक्रमानंतर मुंबईचे एक गृहस्थ भेटायला आले. ते स्वतःला संगीतनिर्माता म्हणवत. आमच्या एका गाण्यातला बेसचा तुकडा त्यांनी गुणगुणून दाखवला आणि आम्ही भारावलो. खर्च निम्मा त्यांचा, निम्मा आमचा, असे ठरले. आमच्या वाट्याचे ३ लाख ४० हजार रुपये पाच हप्त्यांत गेले. आधी स्टुडिओचे भाडे, मग मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र बसवणे), मग परदेशातले मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात), आणि प्रत्येक वेळी आज पैसे आले नाहीत तर इंजिनिअरची तारीख हातची जाईल, ही घाई. पावती मागितली की ते म्हणत, "अरे, आपण घरचे, कागदाचं काय घेऊन बसलात!" कागद मात्र त्यांनी एक आवर्जून करून घेतला. सहा तास ड्रमचे रेकॉर्डिंग करून आम्ही थकलेले असताना, रात्री दोन वाजता, वितरणासाठी लागतात म्हणून त्यांनी चार पाने पुढे केली आणि आम्ही ती न वाचता सह्या केल्या.

तिसऱ्या पानावर ध्वनिमुद्रणाचे निर्माते म्हणून केवळ त्यांचे नाव होते. आम्ही वाजवले म्हणजे ते आमचेच, अशी आमची भाबडी समजूत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, अर्थात ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, वाजवणारा नव्हे. त्याखालच्या कलमात गाण्यांचे सर्व हक्क 'जगभरासाठी' आणि 'कायमचे' त्यांच्याकडे गेले होते. पुढे वकीलबाईंनी सांगितले, की करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणजे ते दोन शब्द नसते, तरी आमचे नुकसान कितीतरी कमी झाले असते.

आठ महिन्यांनी, बऱ्याच तगाद्यानंतर, कुरिअरने हार्डडिस्क आली. गिटारवादकाच्या घरी सेशन, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे ट्रॅक एकत्र मांडणारी संगणकातली फाइल, उघडले, तेव्हा ड्रमच्या अकरा ट्रॅकच्या जागी अकरा रिकाम्या पट्ट्या दिसत होत्या आणि वर फाइल सापडत नसल्याचा संदेश होता. डिस्कवर फक्त रफ मिक्सच्या, म्हणजे सगळे आवाज कच्चे एकत्र केलेल्या, एमपीथ्री होत्या. आमचा ड्रमर बराच वेळ काही बोलला नाही. मग "वायर काढून परत लाव," एवढेच म्हणाला. दोन आठवड्यांनी आम्ही त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा यूट्यूबवर टाकला, तर त्यावर कॉपीराइटचा दावा आला. आमची तीन गाणी त्या गृहस्थांनी स्वतःच्या नावाने आधीच प्रकाशित केली होती.

पोलीस चौकीत हा दिवाणी वाद आहे असे सांगण्यात आले, कारण सह्या आमच्याच होत्या. आधार मिळाला तो कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीचा. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणाला लिहून देता येत नाही आणि दिला तरी तेवढा भाग रद्द ठरतो. शब्द आणि चाली आमच्या होत्या. त्या आम्ही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीकडे नोंदवल्या. हे काम स्टुडिओत पाऊल टाकण्यापूर्वीच व्हायला हवे होते.

करारात अडकलेल्या दुसऱ्या अल्बमचे उदाहरण मोठ्यांचेही आहे. मँचेस्टरच्या द स्टोन रोझेस या रॉक बँडचा पहिला अल्बम १९८९ मध्ये आला आणि दुसरा थेट डिसेंबर १९९४ मध्ये. विलंबाला इतर कारणेही होती, पण मधली काही वर्षे रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या कज्ज्यात गेली. करार एकतर्फी असल्याचे मान्य करून न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना मोकळे केले. आमच्यासारख्यांना तितका लांबचा दावा परवडत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला दिलेली फी मला आता स्टुडिओच्या भाड्याइतकीच आवश्यक वाटते. तुमच्या करारात निर्माता म्हणून कोणाचे नाव आहे आणि गाण्यांचे आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) कोणाच्या नावावर घेतले जाणार आहेत, हे वकिलाला आधी विचारा.

वकिलाच्या नोटिशीनंतर दोन गाणी उतरवली गेली. तिसरे अजून तिथेच आहे आणि पैसे परत मिळालेले नाहीत. गेल्या महिन्यापासून आम्ही ड्रम नव्याने ध्वनिमुद्रित करत आहोत. रोज रात्री स्टुडिओचे बिल आणि सेशनची पूर्ण प्रत हातात आल्याशिवाय आमच्यापैकी कोणी तिथून निघत नाही आणि ती प्रत घरी उघडून, ट्रॅक मोजूनच दुसऱ्या दिवशीचे पैसे दिले जातात.