वाईतील एक वकिली कार्यालय: अपघाताचा गुन्हा, ई-चलान आणि तालुक्याची कामे

वाईच्या न्यायालयात दिवाणी, फौजदारी आणि महसुली अशी सर्व प्रकारची कामे पाहणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे आमच्या घरची प्रकरणे आहेत आणि त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यांचे नाव मी देत नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा छत्तिसावा नियम सांगतो. हा अभिप्राय त्यांनी मागितलेला नसला, तरी तो नियम कसोशीने पाळणाऱ्या माणसाचे नाव त्यांना न विचारता असे छापणे मला योग्य वाटत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी वकील एकाच विषयाला धरून बसू शकत नाही. सातबाऱ्यावरची वारस नोंद, भावाभावांतील वाटपाचा दावा, न वटलेला धनादेश, पोटगी, शेजाऱ्याने अडवलेली शेतातली वाट हे सगळे एकाच टेबलावर येते. आमच्या चुलत्यांची वाट अडवली गेली तेव्हा वकीलसाहेबांनी दिवाणी दाव्याची घाई केली नाही. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे अर्ज लावला, कारण अडथळा ताजा होता आणि त्या कायद्यातील सहा महिन्यांची मुदत अजून गेली नव्हती. कोणते काम कोणत्या दारात न्यायचे, हे पक्षकाराला नेमके सांगणारा वकील मिळणे हीच मोठी सोय आहे. मात्र आमचा खरा अनुभव आहे तो वाहनाच्या प्रकरणाचा आणि लिहिण्यासारखेही त्यातच अधिक आहे.

आमची पिकअप स्ट्रॉबेरीच्या हंगामात रात्री माल घेऊन पुण्याकडे जाते. सुरूर फाट्याजवळ तिची आणि एका दुचाकीची धडक झाली, दुचाकीस्वाराच्या हाताचे हाड मोडले आणि आमच्या चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 व 125 खाली, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून जबर दुखापत केल्याचा, गुन्हा नोंदवला गेला. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लागली. हंगामात गाडी उभी राहणे म्हणजे काय, हे माल भरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 136 नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी व इतर सोपस्कार पूर्ण झाल्यावर ते चोवीस तासांच्या आत परत द्यायचे असते, हे त्यांनी ठाण्यात लेखी कळवले. आणि तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती परत मिळण्याचा अर्जही तयार ठेवला. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली जप्त वाहने ठाण्यांच्या आवारात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. अर्जाला त्याचाच आधार होता. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि फिटनेस यांच्या प्रती त्यांनी आमच्याकडून आधीच घेऊन ठेवल्यामुळे त्या कामाला पुढची तारीख पडली नाही.

त्यांची खरी पद्धत दिसली ती घटनास्थळाच्या पंचनाम्यावर. त्यांनी पंचनाम्याची नक्कल मोठ्याने वाचली, कोऱ्या कागदावर पेन्सिलीने रस्ता काढला, दुभाजक, साइडपट्टी, काचा पडल्याची जागा आणि टायरच्या खुणा मांडल्या आणि मग चालकाला समोर बसवले. ‘‘गाडी थांबली तेव्हा डावीकडची चाकं डांबरावर होती का साइडपट्टीवर? आठवून सांग, अंदाजानं नको,’’ असे ते म्हणाले. चालक गडबडला, मग विचार करून त्याने साइडपट्टी सांगितली. पंचनाम्यातही तेच होते. फिर्यादीत मात्र पिकअप मधल्या मार्गिकेत असल्याचे लिहिले होते. हा फरक त्यांनी लाल शाईने समासात नोंदवून ठेवला. उलटतपासणीची सुरुवात तिथूनच होणार आहे.

गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि मोकळे व्हावे, असा सल्ला आम्हाला चारही बाजूंनी मिळत होता. वकीलसाहेबांनी त्याला ठाम नकार दिला आणि कारण नीट समजावून सांगितले. जबर दुखापतीला जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड होता. नव्या संहितेत तो तीन वर्षे आणि दहा हजार असा झाला आहे, म्हणजे प्रकरण वाटते तितके किरकोळ नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागणार आणि तिथे चालकाची कबुली त्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे ठेवली जाणार. त्यातच चालकाकडे फक्त हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता आणि त्यावर मालवाहतुकीचा वेगळा शेरा नव्हता. विमा कंपनी अशा वेळी परवान्याचा मुद्दा काढते आणि तो टिकला तर आधी भरपाई देऊन मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निकालानुसार एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्हाला त्या दिवसांत पहिल्यांदा स्वस्थ झोप लागली.

ई-चलानाच्या बाबतीत त्यांचा दृष्टिकोन अगदी निराळा आहे. भावाच्या मोटारीवर वेगमर्यादा ओलांडल्याची काही चलाने होती. त्यांनी प्रत्येकाचे छायाचित्र मोठे करून पाहिले. एकात गाडीच वेगळी होती, क्रमांकातील एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. त्यासाठी त्यांनी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार कशी नोंदवायची ते भावाला दाखवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बाकीची चलाने बरोबर होती, ती भरून टाकण्यास सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 167-अ या नियमाप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत यायला हवी, आणि ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते, हे मुद्दे त्यांना पाठ आहेत; पण ते मुद्दे खऱ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी वापरायला ते तयार नसतात. राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर तिच्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्यापूर्वीच सांगतात.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात ते विशेष कडक आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 चा हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, न्यायालयात जावेच लागते, आणि दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तरुण पक्षकाराला ते त्याच्या वडिलांदेखत ऐकवतात. मला हे पटते.

फी ते आधी सांगतात, चिठ्ठीवर लिहून देतात आणि न्यायालयीन शुल्क वेगळे दाखवतात. अपघात भरपाईचे काम टक्केवारीवर घेत नाहीत. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास वकिलांना मनाई आहे आणि ही मनाई मोडलेली पक्षकारांच्या अंगवळणी पडली असली, तरी त्यांच्या कार्यालयात ती पाळली जाते. आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंना तर त्यांनी स्वतःकडे न ठेवता तालुका विधी सेवा समितीकडे पाठवले, कारण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

उणिवाही आहेत. न्यायालयाच्या वेळेत त्यांचा फोन लागत नाही आणि संध्याकाळी कार्यालयात इतकी गर्दी असते की ताटकळावे लागते. कनिष्ठ सहकारी मेहनती आहेत, पण साहेब दुसऱ्या न्यायालयात अडकले की त्यांच्याकडून बहुधा पुढची तारीख मागण्याचाच अर्ज दिला जातो, आणि यामुळे आमच्या प्रकरणाचा वेळ वाया गेला आहे. तारखा कळवण्याची व्यवस्थित सोय त्यांनी करायला हवी. आम्ही प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्स ॲपवर स्वतःच पाहतो. उच्च न्यायालयातील कामे ते घेत नाहीत, हे मात्र सुरुवातीलाच सांगतात.

आमच्या चालकाचा खटला अजून साक्षीपुराव्यावर आहे. त्यांच्याकडे जाणाऱ्याने फिर्यादीची प्रत, वाहनाची सर्व कागदपत्रे, चालकाचा परवाना आणि चलान असल्यास त्याचे छायाचित्र सोबत न्यावे आणि शक्यतो न्यायालयाला सुट्टी असलेल्या शनिवारी सकाळी जावे. त्या दिवशी ते शांतपणे बसून कागद वाचतात.