म्युनिकच्या खोलीसाठी भरलेले १,३५० युरो: जर्मनीला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाचावे

जर्मनीत शिकायला निघालेल्या प्रत्येकाला खोलीच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीबद्दल कोणीतरी बजावलेले असते. मलाही बजावले होते, आणि तरीही अनामत म्हणून ९०० युरो व पहिल्या महिन्याचे भाडे म्हणून ४५० युरो, असे एकूण १,३५० युरो आमच्या घरून गेले. बँकेचे शुल्क आणि कर धरून बाबांच्या खात्यातून १,४३,४६० रुपये वजा झाले, तेही मुदत ठेव मोडून, कारण शैक्षणिक कर्जाची रक्कम ११,९०४ युरोंच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी उघडावे लागणारे, दरमहा ठरावीक रक्कमच देणारे खाते) आधीच अडकलेली होती.

मी शनिवारी, ४ ऑक्टोबर २०२५ रोजी म्युनिकला उतरले. आदल्या दिवशी जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी झालेली होती, ऑक्टोबरफेस्टचा शेवटचा शनिवार-रविवार चालू होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे दुकानेही बंद राहणार होती. विमानतळावरून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, शहरात आले आणि गाडी बदलून खोली असलेल्या गीझिंग भागात पोहोचले. रस्ता खरा होता, इमारतीचा क्रमांकही खरा होता. इथल्या इमारतींच्या दारावर घंटांच्या शेजारी फ्लॅटचे क्रमांक नसतात, आडनावे असतात. पितळी पट्टीवरची सगळी आडनावे मी वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचली; करारावरचे आडनाव त्यांत नव्हते. तेवढ्यात सायकल बाहेर काढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या हातातला करार वाचला आणि सावकाश इंग्रजीत सांगितले की तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे ते स्वतः राहतात, आणि याआधीही एक मुलगा असेच कागद घेऊन, सामानासह, त्यांच्या दारात आला होता.

ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो इथे बँक खाते उघडून ते जोडल्याखेरीज मिळत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी माझ्याकडे फॉरेक्स कार्डावरची रक्कम तेवढी होती. सोमवारपर्यंतच्या मुक्कामासाठी हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीतल्या एका खाटेला १८६ युरो मोजावे लागले. पहिल्या आठवड्याच्या निवाऱ्याची सोय परतावा मिळेल अशा बुकिंगने वेगळी करून ठेवा, खोली कितीही पक्की झालेली असो.

ज्या क्षणी हे सगळे थांबू शकले असते तो क्षण मला आजही झोपू देत नाही. बाबा बँकेच्या शाखेत ए-२ अर्ज, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भरत होते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पाहून विचारले, “खोली जर्मनीत आहे ना? मग हे खाते स्पेनचे कसे?” क्रमांकाची सुरुवात ‘ईएस’ने होती, ‘डीई’ने नव्हती. बाबांनी तिथूनच मला फोन केला आणि मी त्यांना सांगितले की घरमालकीण डॉक्टर आहेत, सध्या बार्सिलोनात नोकरी करतात, खाते तिथलेच असणार. प्रश्न अचूक होता आणि उत्तर माझ्या तोंडी त्या बाईनेच आधी घालून ठेवलेले होते. विचारण्याआधीच तिने दोन आठवडे अगोदर हे सगळे सविस्तर लिहिले होते, आणि असे न मागता आलेले खुलासे हीच खूण असते.

तरीही, वाचणाऱ्यांनी मला भोळी ठरवू नये. युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशातले खाते वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि केवळ परदेशी आयबान आहे म्हणून पैसे नाकारताही येत नाहीत. तिने पासपोर्टचे छायाचित्र पाठवले होते, जे बहुधा माझ्यासारख्याच कोणाकडून तरी उकळलेले असणार. म्हणून तुमच्या पासपोर्टची प्रत अनोळखी घरमालकाला कधीही देऊ नका. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत माझे नाव पुष्कळ खाली होते. दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते, त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते, आणि ती देण्याचे आश्वासन तिने करारातच लिहून दिले होते. म्युनिकमध्ये ४५० युरो हा दर कमी आहे हे मला ठाऊक होते, पण खोली लहान असल्याचे कारण दिलेले होते. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटल्यावर मात्र भाडेकरू अजून राहत असल्याची सबब आली. जो घर दाखवत नाही त्याला एक युरोही देऊ नका.

जर्मन कायद्यानुसार अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो, त्यातला पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. किल्ली हातात येण्यापूर्वी सगळी रक्कम मागणारा माणूस कायदा तरी जाणत नाही किंवा चोर तरी आहे.

आता यंत्रणांबद्दल. इथल्या पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली, क्रमांक दिला आणि पैसे भारतातून गेले असल्यामुळे तिकडेही तक्रार करा, असे सांगितले. गावाकडच्या पोलीस ठाण्यात बाबांना उत्तर मिळाले की गुन्हा जर्मनीत घडला, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि पैसे तर त्याच हद्दीतल्या खात्यातून गेलेले होते; हे बाबांनी कागद पुढे करून सांगितले तेव्हा त्यांना साहेब येईपर्यंत बाकावर बसवून ठेवले. साहेब आले आणि अर्जावर पोच देऊन त्यांनी बाबांना घरी पाठवले. बासष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेला, आणि त्याला तिथे विचारले काय, तर मुलीला एवढ्या लांब पाठवलेच कशाला! बँकेने रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवला, त्याचे वेगळे शुल्क घेतले, आणि नंतर कळवले की खातेदाराच्या संमतीशिवाय तिकडची बँक पैसे सोडत नाही. चोराची संमती मागणारी ही कोणती व्यवस्था आहे? युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून खातेदाराचे नाव आणि आयबान जुळतात का हे पैसे पाठवणाऱ्याला आधी दाखवावे लागते. भारतातून जाणाऱ्या पैशाला ते संरक्षण नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने खासगी घर हा तुमचा वैयक्तिक व्यवहार आहे, असे लिहून त्याच जाहिराती असलेल्या संकेतस्थळांची यादी मला पाठवली.

तुमच्या बाबतीत असे झाले तर भारतातून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. उद्यावर ढकलू नका.

महिन्याभरातच आरोपीचा माग लागत नसल्यामुळे तपास थांबवल्याचे पत्र इथल्या सरकारी वकिलांकडून आले. जाहिरात मात्र थांबलेली नाही. तीच छायाचित्रे आता दुसऱ्या रस्त्याच्या नावाने, ४८० युरो भाड्याने लागलेली आहेत: पांढरे लोखंडी शेल्फ, खिडकीखाली हिरवी खुर्ची आणि भिंतीवर जगाचा नकाशा. मी संकेतस्थळाला पोलीस तक्रारीच्या क्रमांकासह कळवले आहे. कोणाला ही खोली दाखवली गेली, तर पैसे देऊ नका आणि आलेले सगळे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवा.