कुंडी आधी उलटी करा

"जुन्या पारशी बंगल्यातून निघालीय" एवढ्या बोलण्यावर चिनी मातीच्या एका कुंडीपायी एका गिऱ्हाइकाचे ८० हजार गेले. बोलणं पटण्यासारखंच होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा चीनशी मोठा व्यापार होता आणि त्यांच्या घरांत अस्सल चिनी भांडी आलीही. विकणाऱ्यांना हे पाठ असतं. कागद मात्र एकही नव्हता.

कुंडीवर गुलाबी पिओनीची फुलं, फुलपाखरं आणि बुडाला तांबडी सहा अक्षरं, चीनच्या छ्येनलोंग बादशहाच्या राजवटीची (१७३६ ते १७९५). गिऱ्हाइकाने ती मोबाइलवर वाचून घेतली आणि निर्धास्त झालं. पण राजवटीची ही अक्षरं पुढच्या कारागिरांनी सर्रास घातलीत, कधी जुन्याला मान म्हणून, कधी सरळ ठकवायला. त्यावरून काळ ठरवू नये.

कुंडीत बोलतं ते बुडाचं भोक. कुंडी म्हणूनच घडवलेली असेल तर भोक कच्च्या मातीत पाडतात आणि साधारण १३०० अंशांच्या भट्टीतून निघाल्यावर त्याची कड बोटाला गोलसर लागते. इथे कड धारदार, आतून पांढरीफेक, भोवती झिलईचे टवके उडालेले. म्हणजे ड्रिल मारलेलं. (एवढ्याने माल नवा ठरत नाही. मासे पाळायची जुनी पात्रंही लोकांनी भोक पाडून कुंड्या केलीत. किंमत मात्र पडते.)

मग दहापट भिंग. वापराने झीज होते ती उंचवट्यावर आणि कडेला, चरेही आडवेतिडवे, कमीजास्त खोल असतात. इथे हात पोचत नाही त्या खोबणीतही चमक सारखीच मेलेली, म्हणजे ॲसिडचं काम. बुडाच्या कड्यावरचा 'जुना मळ' स्पिरिटच्या बोळ्याने एका पुसण्यात तपकिरी उतरला. आतली माती धुतल्यावर खाली क्षारांचा एक डाग नाही. आणि पाकळीची छटा कुंचल्याची नव्हतीच, एकसारखे बारीक ठिपके होते. छापील चित्र चिकटवून भाजलेलं, मागच्या बाजूला सांध्यात फुलपाखराचा पंख अर्धाच.

अक्षरांशेजारी घासलेला एक निस्तेज चट्टाही होता. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लागतं, म्हणून नंतरच्या बऱ्याच निर्यात मालावर 'चायना' असतं. ते खरवडायची ही जुनीच युक्ती.

सौद्याच्या वेळी बिलावर काळ लिहून मागितला होता. विकणाऱ्याने लिहिलं, "चिनी कुंडी, जुन्या धाटणीची."