मी तपासला तो नंबर माझ्या ट्रेलरचा नव्हताच

ऑस्ट्रेलियात जुना ट्रेलर घेताना माझे ९,२०० डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मी तिथेच अडते आणि सांगायचं ते राहून जातं. मी निष्काळजीपणे खरेदी केली नव्हती. जे तपासा म्हणतात ते तपासलं होतं, तरीही फसले. कुठे फसले हे नीट मांडते, म्हणजे तुम्ही तिथे सावध राहाल.

मेलबर्नमध्ये एकाच ठिकाणी बरीच वर्षं नोकरी झाली आणि लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे दीर्घ नोकरीबद्दल मिळणारी पगारी रजा, साठली. मी साताऱ्याची, लहानपणापासून कासच्या पठारावरची फुलं पाहिलेली. पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑगस्ट-सप्टेंबरात मैलोन्‌मैल रानफुलं फुलतात असं ऐकलं तेव्हापासून ती बघायचीच हे मनात होतं. मेलबर्नहून ॲडलेड, सेडुना, नलारबोरचं मैदान, नॉर्समन आणि मग पर्थ. जायचेच जवळजवळ ३,४०० किलोमीटर, आणि एकटीनं. हॉटेलं करत गेलं तर परवडणार नव्हतं, आणि एकट्या बाईनं जमिनीवर तंबू टाकून झोपायला मन धजत नव्हतं. म्हणून वर बिछाना आणि मागे स्वयंपाकाची सोय असलेला जुना कॅम्पर ट्रेलर घ्यायचं ठरवलं. गाडी होती, तिला ट्रेलर जोडायचा टो-बारही होता.

मार्च २०२४ मध्ये ऑनलाइन एक जाहिरात दिसली. तशा ट्रेलरना बारा-तेरा हजार सांगत होते, हा माणूस साडेनऊ मागत होता. कारणही लगेच दिलं: रेगो (गाडीची सरकारी नोंदणी) संपलीय, नव्याने करून घ्यावी लागेल, म्हणून कमी. मला ते पटलं.

त्याच्याशी तीन वेळा फोनवर बोलले आणि तिन्ही वेळा तो अर्धा-अर्धा तास बोलला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर क्वारंटाइनवाले, म्हणजे पिकांची कीड-रोगराई अडवणारे, फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात, तेव्हा सेडुनाच्या पुढे खाऊन संपवा म्हणाला. बॅलाडोनिया ते कायगुना हा १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो, तिथे डोळा लागतो, थांबत थांबत जा म्हणाला. रोड ट्रेनवाले, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणाऱ्या लांबलचक ट्रकचे चालक, यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरच्या चॅनलवर बोलतात, तो रेडिओ घ्याच म्हणाला. पेट्रोल प्रत्येक रोडहाउसला, म्हणजे हायवेवरच्या पंप-खाणावळीला, भरा, पुढचा उघडा असेलच असं धरू नका, हेही त्यानेच सांगितलं. यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. मी नंतर पडताळला. म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. जो माणूस माझ्या जिवाची एवढी काळजी करतोय तो मला खोटा ट्रेलर कशाला विकेल, असं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. इथे जुनी गाडी किंवा ट्रेलर घेताना पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत शोध घ्यायचा असतो. त्या वस्तूवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात मोडीत काढलेली आहे का, हे तिथे कळतं. फक्त २ डॉलर लागतात. त्यासाठी व्हिन लागतो, म्हणजे चेसिसचा १७ अक्षर-अंकांचा नंबर. मी त्याच्याकडे मागितला. त्याने ट्रेलरवरच्या, नंबर आणि वजन छापलेल्या प्लेटचा स्वच्छ फोटो पाठवला. मी एकेक अक्षर जुळवून टाकलं. प्रमाणपत्र आलं: कर्ज नाही, चोरीची नोंद नाही. मी ते छापून फाइलला लावलं आणि त्या रात्री निवांत झोपले.

त्याच प्रमाणपत्रावर बनावटीचं वर्ष २०१६ होतं आणि जाहिरातीत २०१९ लिहिलेलं होतं. माझी नजर ‘कर्ज नाही’ या ओळीवरच थांबली. खालचं वाचलंच नाही.

ट्रेलर बघायला त्याने एका पेट्रोलपंपामागची मोकळी जागा सांगितली. घर लांब आहे, तुम्हाला त्रास नको, म्हणाला. पाऊस भुरभुरत होता. मी कॅनव्हास उघडून पाहिला, शिवण पाहिली, गॅस पेटवला, पाण्याची टाकी वाजवून पाहिली. ड्रॉबारवर, म्हणजे गाडीला जोडतो त्या पुढच्या दांड्यावर, प्लेट होती. फोटोतलीच. तिच्यावरचा नंबरही तोच होता. ३०० कमी करून ९,२०० ला सौदा ठरला. पैसे ‘मेहुणीच्या खात्यात’ टाकायला सांगितले. त्याने पाठवलेल्या लायसन्सवरचं नाव वेगळं आणि खात्याचं वेगळं, हे मला दिसत होतं. त्या काळात बँक खातेक्रमांक आणि बीएसबी (बँक-शाखेचा कोड) बघून पैसे पाठवायची, नाव जुळवायचीच नाही. २०२५ पासून मोठ्या बँका नाव जुळतंय की नाही ते दाखवू लागल्या आहेत, तेव्हा पडद्यावर ‘नाव जुळत नाही’ आलं की तिथेच थांबा. त्याने माझ्या लायसन्सचा फोटो मागितला, तोही मी पाठवला. चार दिवसांनी त्याने ट्रकवर चढवून ट्रेलर माझ्या दारात आणून उतरवला आणि जाताना हात हलवून गेला.

अकरा दिवस तो दारात उभा होता. मी त्यात डबे लावले, मसाल्याच्या बाटल्या बसवल्या, कुकरसाठी कप्पा केला. रेगोच्या तपासणीआधी बेअरिंग आणि ब्रेक बघून घ्यावेत म्हणून घरी येणारा मेकॅनिक बोलावला. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. डाव्या चाकाचं बेअरिंग काढलं तर ग्रीस जळून काळं, दगडासारखं झालेलं. उजव्या चाकाच्या ब्रेकची वायर कापून आत दुमडून ठेवलेली. हा ट्रेलर रिकामाच ७५० किलोच्या बराच वर होता, त्याला ब्रेक कायद्यानेच लागतात. टायर ‘गेल्या वर्षी बदललेत’ असं मला सांगितलं होतं. मेकॅनिकने टायरच्या बाजूचे चार अंक दाखवले: १११४, म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा.

मग तो ड्रॉबारपाशी वाकला. प्लेटचे रिव्हेट त्याला फार नवे वाटले. सगळीकडे जुना रंग होता, पण एका हातभर पट्ट्यावर जाड, चकचकीत काळा. त्याने वायर ब्रश घेतला आणि घासायला लागला. रंगाच्या सालींखालून आधी एक अंक दिसला, मग दोन, मग अख्खी ओळ. पोलादात ठोकलेला नंबर. त्याने चिंधीनं पुसून बोट खाली धरलं आणि एवढंच विचारलं, “हा नंबर तुम्ही पाहिला होता का?”

तो प्लेटवरच्या नंबरशी जुळत नव्हता.

मी तिथेच अंगणात बसून फोनवरून पुन्हा २ डॉलर भरले आणि तो ठोकलेला नंबर टाकला. एका वित्तसंस्थेचा बोजा निघाला. प्लेट दुसऱ्याच, हलक्या ट्रेलरची काढून लावली होती, त्यामुळे तिच्यावर छापलेलं वजनही खोटंच. तो आकडा खरा धरून मी पाणी, बॅटरी, सामान भरलं असतं आणि एका ब्रेकवर नलारबोर ओलांडायला निघाले असते. मला पैशांपेक्षा या विचारानं जास्त रात्री झोप लागली नाही.

मोफत कायदा सल्ला केंद्रातल्या वकिलीणबाईंनी समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. योग्य नंबरावर शोध घेतला, नोंद निघाली नाही आणि मग तुम्ही खरेदी केली, तर नंतर कुणी कर्ज दाखवलं तरी कायदा तुमच्या बाजूने असतो. पण तो शोध त्याच वस्तूच्या नंबराचा असला पाहिजे. माझ्या प्रमाणपत्राला कागदाच्या पलीकडे किंमत नव्हती. पोलिसांत तक्रार केली, स्कॅमवॉच या फसवणुकी नोंदवायच्या सरकारी सेवेला कळवलं. बँकेलाही फोन केला, पण त्या खात्यातून पैसे केव्हाच पुढे गेले होते. असं काही लक्षात आलं तर पहिला फोन बँकेला करा, त्याच तासात. तीन आठवड्यांनी वित्तसंस्थेने ट्रेलर उचलून नेला. मसाल्याच्या बाटल्या मी आधी काढून घेतल्या.

लायसन्सच्या फोटोची गोष्ट मला बऱ्याच उशिरा सुचली. ओळखपत्रांचा गैरवापर झालेल्यांना मदत करणाऱ्या आयडीकेअर या संस्थेच्या सांगण्यावरून क्रेडिट बॅन लावला, म्हणजे माझ्या नावावर कुणी कर्ज काढू शकणार नाही. तो फुकट असतो, पहिल्यांदा २१ दिवसांचा, आणि वाढवता येतो. त्याने मला पाठवलेलं लायसन्सही बहुधा माझ्यासारख्याच कुणाचं असेल, असं पोलीस म्हणाले. माझा फोटो आज कुणाला विश्वास पटवायला वापरला जातोय, कोण जाणे. याचा मला फार त्रास होतो.

तेव्हा व्हिन फोटोतून घेऊ नका. ट्रेलरपाशी गुडघे टेकून चेसिसमध्ये ठोकलेला नंबर स्वतः वाचा, रंग असेल तर खरवडायची परवानगी मागा, आणि विकणारा नको म्हणाला तर परत फिरा. व्हिनमध्ये आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसली तर काहीतरी गडबड आहे. शोध व्यवहाराच्या दिवशीच घ्या आणि प्रमाणपत्र शेवटपर्यंत वाचा. सौदा त्याच्या घरी जाऊन करा. रेगो संपलेला ट्रेलर घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पण पैसे देण्याआधी मेकॅनिक न्या. माझा मेकॅनिक अकरा दिवस आधी आला असता तर पुरे होतं.

मी हे सहा महिने कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. गणपतीत मंडळात पर्थच्या प्रवासाचं कुणी विचारलं की रजा मिळाली नाही म्हणायचे. त्याच गणपतीत एक ओळखीचे काका नवा घेतलेला ट्रेलर कौतुकाने दाखवत होते आणि माझी नजर ड्रॉबारवर गेली. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या दारात वायर ब्रश घेऊन बसलो. त्यांचा नंबर जुळला. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, आणि तिथे मी पहिल्यांदा रडले.