फाऊल ठरवायचा कोणी: पंचाने की रिप्लेने?

पूल या टेबलावरच्या खेळात काठीने मारलेला पांढरा चेंडू दोन चेंडूंना जवळपास एकाच वेळी भिडला, की आधी कोणाला लागला, म्हणजे फाऊल झाला की नाही, यावरून वाद पेटतो. रिप्ले निर्णायक वाटतो खरा, पण सेकंदाला 30 फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताशी 11 किलोमीटर वेगाचा चेंडू एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत सुमारे 10 सेंटीमीटर सरकतो. नेमकी धडक निसटते! जाणता पंच धडकेपेक्षा चेंडू नंतर कुठे वळले ते पाहतो. तेच बोलकं असतं. मात्र त्याला आधीच बोलावून योग्य कोनात उभं करायला हवं. तरीही उलगडा झाला नाही तर नियम फटका मारणाऱ्याच्या बाजूने. बाही चेंडूला घासली का, एवढ्यापुरता मी रिप्ले मागेन.